दांडिया बाजारातील एक खेळ: ‘फेस्टेन’ आणि आम्ही प्रेक्षक

गेल्या शनिवारी संध्याकाळी दांडिया बाजारातील एका जुन्या सभागृहात आमच्या बडोद्यातील एका छोट्या चित्रपट मंडळाने थॉमस विंटरबर्ग यांचा ‘फेस्टेन’ हा १९९८ सालचा डॅनिश चित्रपट दाखवला. साठ-सत्तर प्रेक्षक होते, त्यांतील निम्म्याहून अधिक मराठी आणि बहुतेक पन्नाशी ओलांडलेले. चित्रपटाविषयी मी लिहिणार आहेच. पण मुख्यतः लिहायचे आहे ते त्या सभागृहात बसलेल्या आम्हा सर्वांविषयी आणि मंडळाने हा खेळ ज्या पद्धतीने ठेवला त्याविषयी. बापानेच मुलांवर केलेल्या लैंगिक अत्याचाराची ही कथा आहे. ती ऐकून पडद्यावरचे पाहुणे जसे वागले, जवळजवळ तसेच आम्ही प्रेक्षकही वागलो, आणि हे लक्षात आल्यापासून गेले चार दिवस माझ्या डोक्यातून ते जात नाही.

कथा एका घरात, एका दिवसात आणि दुसऱ्या सकाळपर्यंत घडते. हेल्गे या प्रतिष्ठित हॉटेलमालकाचा साठावा वाढदिवस आहे आणि त्यासाठी त्याच्या वाड्यासारख्या हॉटेलात सारे आप्तेष्ट जमले आहेत. थोरला ख्रिश्चन पॅरिसहून आला आहे, मायकेल निमंत्रण नसताना बायकोमुलांसह आला आहे, बहीण हेलेनेही पोहोचली आहे, आणि ख्रिश्चनची जुळी बहीण लिंडा हिने काही काळापूर्वी याच घरात आत्महत्या केलेली आहे. जेवणाच्या टेबलावर भाषण करायला ख्रिश्चन उठतो. वडिलांसमोर तो दोन कागद धरतो, एक हिरवा आणि एक पिवळा, आणि निवड त्यांच्यावरच सोपवतो. वडील हिरवा निवडतात. हे सत्याचे भाषण आहे, असे सांगून तो अगदी संथपणे, लग्नकार्यात बालपणाच्या आठवणी सांगाव्यात तशा सुरात सांगतो की, वडील आंघोळीला जाण्यापूर्वी त्याला आणि लिंडाला आपल्या खोलीत नेत आणि दार लावून त्यांच्यावर अत्याचार करत. एवढे बोलून तो खाली बसतो, आणि जेवण पुढे चालू राहते.

सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटे सभागृह निवांत होते. पाहुण्यांच्या गाड्या येत आहेत, कोणाला कोणती खोली द्यायची यावरून कुरबूर चालू आहे, जुने नातेवाईक मिठ्या मारत आहेत. माझ्या मागच्या रांगेतील एक काका शेजारच्यांना म्हणाले, “आपल्या साठीशांतीसारखंच आहे की सगळं.” ते अगदी खरे होते. यजमानाचे कौतुक करण्यासाठीच सारे जमलेले, प्रत्येकाच्या भाषणात तेच गुणगान, आणि त्या दिवशी वाकडा शब्द निघू नये ही सर्वांची मूक तयारी. ज्या समारंभात घरातल्या कर्त्या पुरुषाविषयी केवळ चांगलेच बोलायचे असते, त्याच समारंभात ख्रिश्चनने तोंड उघडावे, या योजनेतली धार ज्याने साठीशांत पाहिली आहे त्या मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

इथे आयोजकांविषयीची पहिली तक्रार नोंदवते. प्रवेश करताना प्रत्येकाच्या हाती मराठीत छापलेला एक कागद दिला गेला. त्यावर दिग्दर्शकाचे नाव, साल, कान महोत्सवात मिळालेले ज्युरी पारितोषिक, असा सारा तपशील नीट दिला होता. पण विषयाच्या जागी केवळ ‘एक कौटुंबिक नाट्य’ असे शब्द होते. आपल्या भाषेत ‘कौटुंबिक’ या शब्दाचा प्रेक्षकांच्या लेखी एकच अर्थ होतो: घरातल्या सर्वांना घेऊन यावे असे. त्या शब्दावर विसंबून एक जोडपे आपल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन आले होते. पहिल्या भाषणाची इंग्रजी उपशीर्षके पडद्यावर उमटू लागली तशी आईने मुलीला मांडीवर ओढून घेतले आणि दोन मिनिटांत ते तिघेही वाकून, कोणाच्या आड येऊ नये अशा बेताने, बाहेर पडले. त्यांनी रागावून काही म्हटले असते तर बरे झाले असते. विषय झाकून ठेवल्याने चित्रपटाचा परिणाम वाढतो, असे एका कार्यकर्त्याने मला नंतर सांगितले. मला ते मुळीच पटले नाही. ज्या प्रेक्षकाच्या आयुष्यात असे काही घडून गेले आहे, त्याला हा धक्का अनपेक्षितपणे देण्याचा अधिकार कोणालाही नाही.

दुसरी तक्रार लहान आहे, पण तिचा परिणाम लहान नव्हता. हा चित्रपट ‘डॉग्मा ९५’ या जाहीरनाम्याच्या नियमांनुसार बनलेला पहिला चित्रपट होय. विंटरबर्ग आणि लार्स फॉन ट्रायर यांनी १९९५ साली हे नियम मांडले: कॅमेरा हातातच धरायचा, वेगळी प्रकाशयोजना करायची नाही, बाहेरून संगीत जोडायचे नाही, श्रेयनामावलीत दिग्दर्शकाचे नाव द्यायचे नाही. छायालेखक अँथनी डॉड मँटल यांनी घरगुती वापराच्या लहान डिजिटल कॅमेऱ्यावर हे चित्रण केले, त्यामुळे प्रतिमा दाणेदार आणि हलती आहे, आणि संध्याकाळ चढत जाते तशी ती अधिकाधिक काळवंडत जाते. हे कोणी आधी न सांगितल्यामुळे तीन-चार जणांना प्रोजेक्टर बिघडला असे वाटले, एक गृहस्थ उठून मागे सांगायलाही गेले, आणि कुजबुजीत काही महत्त्वाचे संवाद निसटले. वास्तविक ती प्रतिमा लग्नघरातल्या एखाद्या हौशी पुतण्याने व्हिडिओ घ्यावा तशी भासते, आणि म्हणूनच आपण त्या टेबलाशी खुर्ची ओढून बसलो आहोत असे वाटू लागते. एका वाक्याची प्रस्तावना पुरली असती.

आता मध्यंतर. चित्रपट सुमारे पावणेदोन तासांचा आहे आणि त्याला मध्यंतर नाही. पण आमच्याकडे कार्यक्रम म्हटला की चहा आणि सेव-उसळ ठरलेली, म्हणून ख्रिश्चनच्या पहिल्या भाषणानंतर थोड्याच वेळात आयोजकांनी खेळ थांबवला. दिवे लागले. क्षणभर कोणीही कोणाकडे पाहिले नाही. मग खुर्च्या सरकल्या, लोक व्हरांड्यात आले, हातात बशा आल्या आणि बोलणे सुरू झाले: उसळ आज जरा तिखट आहे, सूरसागरच्या बाजूला गाडी लावायला जागाच मिळत नाही, अमक्यांच्या मुलाचे कॅनडाचे काय झाले. मीही त्यात होते. मी एका मैत्रिणीला तिच्या गुडघ्याविषयी विचारले आणि ती सांगत असताना मला एकाएकी जाणवले की, आत पडद्यावर जे पाहुणे सूप पुढे सरकवत होते, त्यांच्यापेक्षा मी काही निराळे करत नाही. त्यांनीही तेच ऐकले होते आणि त्यांनाही पुढच्या पदार्थाचीच सोय अधिक जवळची वाटली होती. आयोजकांनी हे जाणून केले नव्हते, आणि अशा चित्रपटाचा दोरा मध्येच तोडणे सेवा म्हणून चूकच होते. तरीही त्या दहा मिनिटांत मला चित्रपटाचा जो अर्थ लागला तो एरवी लागला नसता, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

त्याच व्हरांड्यात एका सद्गृहस्थांनी, स्वरात कसलाही आकस नसताना, विचारले, “पण याला पुरावा काय? भरल्या ताटावर बापावर असा आरोप करायचा म्हणजे...” आजूबाजूच्या काहींनी माना डोलावल्या. कोणीतरी म्हणाले, “झाकली मूठ सव्वा लाखाची.” मला संताप आला, पण त्यांना बोल लावण्याआधी मी स्वतःला विचारून पाहिले. मी तीस वर्षे शाळेत शिकवले आहे. मुलांच्या बोलण्यावर एकदम विश्वास ठेवायचा नाही, दोन्ही बाजू ऐकायच्या, ही सवय माझ्या अंगात मुरलेली आहे. ख्रिश्चन बोलत असताना माझ्याही मनात आले होते की, हा मुलगा आजारी तर नसेल. तो मनोरुग्णालयात राहून आलेला आहे, असा उल्लेख चित्रपटात येतोच, आणि त्याची आई भर सभेत त्याच्या लहानपणच्या काल्पनिक मित्राची गोष्ट मोठ्या प्रेमाने सांगून त्याला वडिलांची क्षमा मागायला लावू पाहते. बहुतेक घरांत मुलाची बाजू कोसळवणारी वाक्ये अशीच मायेने बोलली जातात. त्याच्यावर आधीपासून पूर्ण विश्वास ठेवणारा माणूस त्या साऱ्या समारंभात स्वयंपाकघरात आहे: बालपणीचा मित्र आणि आता आचारी असलेला किम. तो नोकर मुलींना पाहुण्यांच्या खोल्यांतून गाड्यांच्या किल्ल्या उचलून लपवायला सांगतो, जेणेकरून ऐकण्याआधी कोणालाही निघून जाता येऊ नये. या प्रसंगाला सभागृहात हशा पिकला, आणि तो मोकळा, चांगला हशा होता.

दुसऱ्या एका हशाविषयी मात्र मला बोलायचे आहे. चित्रपटाच्या आरंभी रस्त्याने पायी येणारा ख्रिश्चन दिसताच मायकेल गाडी थांबवतो, भावाला जागा व्हावी म्हणून बायकोला आणि मुलांना खाली उतरवतो आणि उरलेली वाट चालत यायला सांगतो. लोक हसले. पुढे खोलीत तो बुटांवरून तिच्यावर ओरडतो, तेव्हाही हसले. नंतरच्या चर्चेत पाऊण तास बापाविषयी बोलणे झाले, परंतु मायकेलच्या बायकोचा उल्लेख एकाही प्रेक्षकाने केला नाही, आणि ती चर्चेत आणण्याचे चर्चा चालवणाऱ्यांनाही सुचले नाही. बापाचा अत्याचार भयंकर आहे म्हणून तो दिसला. मुलाचा ओळखीचा आहे म्हणून नजरेतून सुटला. ज्या बडोदा संस्थानाने हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा मार्ग देणारा कायदा १९३१ सालीच केला, त्याच शहरातल्या सभागृहात नवऱ्याचे बायकोवर खेकसणे अजून विनोद म्हणून पाहिले जाते, याचे मला वाईट वाटले. दिग्दर्शकाने हा दुवा स्पष्ट ठेवलेला आहे. बापाच्या घरात मायकेल जे शिकला तेच तो पुढे चालवतो. हेलेनेच्या कृष्णवर्णीय मित्राला पाहून टेबलावर वर्णद्वेषी गाणे सुरू होते तेही त्याच्याच पुढाकाराने, आणि सारे पाहुणे ते आनंदाने उचलून धरतात.

मग लिंडाचे पत्र येते. मरण्यापूर्वी तिने ते खोलीत लपवून ठेवलेले असते, हेलेनेला ते सापडते, तीही ते दडवते आणि अखेर सर्वांसमोर वाचते. पाप्रिका स्टेन या अभिनेत्रीने ते वाचन ज्या कोरड्या, अडखळत्या आवाजात केले आहे, त्याला तोड नाही. वाचन चालू असताना सभागृहात पंख्यांचाच काय तो आवाज होता. पत्र संपले आणि दोन-तीन ठिकाणी टाळ्या वाजल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांची भावना मी समजू शकते. इतका वेळ अडकलेला श्वास सुटला होता. पण त्या क्षणापर्यंत जिवंत मुलगा तीन वेळा उठून सांगत होता, त्याला रानात नेऊन झाडाला बांधले गेले होते, आणि त्याच्या शब्दाला वजन आले ते मेलेल्या बहिणीचे अक्षर पुढे आल्यावर. व्हरांड्यात पुरावा मागणारे तेच गृहस्थ चर्चेत सर्वप्रथम उठले आणि म्हणाले, “मी मघाशी जे बोललो ते मागे घेतो. पण मला पत्र लागलं, हे मला आवडलेलं नाही.” त्या संध्याकाळी माझ्या कानांवर आलेले सर्वांत सच्चे वाक्य तेच होते.

चर्चा बाकी संमिश्र झाली. एका वक्त्याने ही सारी तिकडच्या संस्कृतीची कथा आहे, आपल्याकडे कुटुंबसंस्था भक्कम आहे, असे सांगायला सुरुवात केली. त्याला एका वकीलबाईंनी शांतपणे उत्तर दिले. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलून माहिती घेतली होती, त्यांतील ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सहन केल्याचे सांगितले, अत्याचार करणाऱ्यांत निम्म्याच्या आसपास मुलाच्या ओळखीची किंवा विश्वासातली माणसे होती, आणि बहुतेक मुलांनी ती गोष्ट कोणालाच सांगितलेली नव्हती. पुढे त्यांनी मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्याविषयी सांगितले: नातेवाइकाने केलेला अत्याचार या कायद्याने अधिक गंभीर गुन्हा ठरतो, आणि असे घडल्याचे ठाऊक असूनही पोलिसांना न कळवणे हाही दंडनीय अपराध आहे. या शेवटच्या वाक्यावर सभागृहात जी हालचाल झाली ती आकडे ऐकताना झाली नव्हती. कळवले नाही तर आपणही दोषी, ही गोष्ट बहुतेकांना नवी होती. मला वाटते की, मंडळाने एखाद्या जाणकाराला आधीच बोलावून ठेवायला हवे होते. वकीलबाई प्रेक्षकांत होत्या हा निव्वळ योगायोग.

एका तरुणाने आणखी एक मुद्दा काढला. डॅनिश रेडिओवर एका माणसाने सांगितलेल्या हकिकतीवरून विंटरबर्गना ही कल्पना सुचली होती, आणि ती हकिकत रचलेली होती हे त्या माणसाने पुढे कबूल केले. हे खरे आहे. त्यावरून तरुणाने असा निष्कर्ष काढला की, चित्रपटाचा पायाच खोटा आहे. मला हा निष्कर्ष मान्य नाही. चित्रपट एखाद्या विशिष्ट माणसाची फिर्याद म्हणून उभा नाही. आरोप ऐकल्यावर सभा कशी वागते हे तो दाखवतो, आणि ती वागणूक किती खरी आहे हे पडताळायला आम्हाला डेन्मार्कला जावे लागले नाही. तरीही मुद्दा काढल्याबद्दल त्या तरुणाला गप्प करण्यात आले, ते योग्य झाले नाही. याच दिग्दर्शकाने २०१२ साली खोट्या आरोपाच्या कचाट्यात सापडलेल्या शिक्षकावर चित्रपट केला, तेव्हा हा प्रश्न त्यालाही टाळावासा वाटला नसावा. चर्चा चालवणाऱ्यांनी एवढे जरी सांगितले असते, तरी त्या मुलाचे समाधान झाले असते.

सर्वांत दीर्घ आणि सर्वांत कडवट बोलणे झाले ते आईवर. ख्रिश्चन तिला सर्वांदेखत सांगतो की, तू दार उघडलेस, पाहिलेस आणि परत गेलीस. सभागृहातील स्त्रियांनी तिला बापापेक्षाही कठोर शब्द वापरले. “आई असून” हे दोन शब्द किती वेळा उच्चारले गेले, याची मी गणतीच सोडून दिली. मागे बसलेल्या एक गुजरातीभाषक बेन मात्र म्हणाल्या की, दार लावून ती गेली कुठे, तिला जायला जागा होती का, हेही विचारा. त्यांच्या म्हणण्याने आईचा दोष कमी होत नाही, पण बिर्थे न्यूमन यांनी ती भूमिका कशी केली आहे ते पाहिले की हा प्रश्न पडतोच: तिच्या चेहऱ्यावरचे यजमानीणबाईंचे हास्य कधीही पुसले जात नाही, केवळ डोळे हळूहळू विझत जातात. शेवटच्या सकाळी न्याहारीच्या वेळी बाप येतो, आपला अपराध कबूल करतो, निरोप घेतो, आणि मायकेल त्याला शांतपणे सांगतो की, आता तुम्ही जा, म्हणजे आम्हाला न्याहारी करता येईल. बाप उठून जातो. त्याने बोलावूनही आई जागेवरून हलत नाही. आमच्या सभागृहात या क्षणी अर्धे लोक समाधानाने हुंकारले आणि अर्धे अस्वस्थ झाले.

सेवा म्हणून मूल्यमापन करायचे तर पडदा आणि ध्वनी उत्तम होते, खुर्च्या सुसह्य होत्या आणि पन्नास रुपयांची देणगी कोणालाही जड वाटू नये अशी होती. असा चित्रपट निवडण्याचे धैर्य मंडळाने दाखवले, याबद्दल मला त्यांच्याविषयी मनापासून आदर आहे. पण पुढच्या खेळाआधी काही बदल केलेच पाहिजेत. कागदावर विषय स्पष्ट शब्दांत छापावा आणि लहान मुलांना आणू नये असे ठळकपणे लिहावे. मध्यंतर काढून टाकावे. उपशीर्षके इंग्रजी आहेत आणि भराभर जातात, म्हणून कथासूत्र मराठी व गुजरातीत आधी सांगावे. मुलांसाठीचा १०९८ आणि गुजरातेत स्त्रियांसाठी चालणाऱ्या ‘अभयम्’चा १८१ हे मदतीसाठीचे दोन फोन क्रमांक त्याच कागदाच्या तळाशी असावेत. आणि दाराजवळ एक कार्यकर्ती सतत उभी असावी, जी मध्येच उठून बाहेर येणाऱ्याला का निघालात असे विचारणार नाही, पाणी देईल आणि बसायला खुर्ची देईल.

ही शेवटची सूचना माझी नाही. माझ्या शेजारी बसलेल्या एक परिचित वहिनी मध्यंतरात घरी निघून गेल्या होत्या. कुकर लावायचा आहे, असे त्या म्हणाल्या आणि मी ते खरे मानले. रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर त्यांनी विचारले, “ताई, त्या मुलाचं शेवटी कुणी ऐकलं का?” मी पत्राविषयी सांगितले, न्याहारीविषयी सांगितले. त्या काही वेळ बोलल्या नाहीत, आणि मीही काही विचारले नाही. मंडळ पुढच्या महिन्यात पुन्हा खेळ ठेवणार आहे असे मी म्हटले, तेव्हा त्यांनी तारीख लिहून घेतली आणि म्हणाल्या, “दाराजवळच्या दोन खुर्च्या धरा.” हे लिहिण्याची परवानगी त्यांनीच दिली आहे. खुर्च्यांविषयी मी आयोजकांना सोमवारीच कळवले.